असाध्य रोग, शस्त्रक्रिया आणि आपलें कर्तव्य

मनुष्याच्या हातून होणाऱ्या कृत्यांत दुसऱ्याच्या शरीरावर शस्त्र चालविणें हें एक विलक्षण कृत्य आहे. तें द्वेषानें केलें तर घात होतो, आणि दयेनें व ज्ञानानें केलें तर उपचार होतो. सुरी तीच, रक्त तेंच. भेद हेतूंत व फळांत असतो. परंतु हेतु दयेचा आहे आणि फळ मात्र मिळण्यासारखें नाहीं, अशा प्रसंगीं काय करावें? रोग बरा होणार नाहीं हें ठाऊक असतांना शस्त्रक्रिया करावी काय? आणि ती न केल्यास आपण रोग्यास टाकलें असें होईल काय? हा प्रश्न केवळ मोठ्या शहरांतील डॉक्टरांचा राहिलेला नाहीं. तो आपल्या खेड्यांतील घरांतही येतो, आणि रोग्याचे नातलग मंडळीच्या उपदेशकास तो विचारतात. उत्तर देणारा गोंधळला तर घरही गोंधळतें. म्हणून ह्या प्रश्नाचा शांतपणें विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

विचार मोघम राहूं नये म्हणून एकच रोग डोळ्यांपुढें ठेवूं. तो म्हणजे जठराचा कर्करोग, आणि तोही त्वचेपर्यंत येऊन पोहोंचलेला.

जठर म्हणजे पोटांतील अन्नाची पिशवी. तिच्या आंतल्या अस्तरांत हा रोग सुरू होतो तेव्हां तो फार गुपचूप असतो. चार घास खाल्ले तरी पोट भरल्यासारखें वाटतें, अन्नावरची वासना उडते, अंग उतरूं लागतें. आणि पित्त झालें असें समजून घरचे लोक सोडा देतात. पुढें ओकाऱ्या होतात, कधीं डांबरासारखा काळा शौच होतो, चेहरा पांढरा पडतो. रोग पिशवीच्या भिंतींत व तिच्या जवळच्या गांठींतच असेल तोंपर्यंत शस्त्रवैद्य पिशवीचा भाग, किंवा जरूर पडल्यास सगळी पिशवी, त्या गांठींसह काढतो, आणि रोगी बरा होऊं शकतो. ह्या अवस्थेंत शस्त्रक्रियेवर आणि तिच्या जोडीच्या औषधांवर सर्व आशा असते. तिला भिऊन दिवस घालवूं नयेत, हें आम्ही प्रथमच सांगून ठेवितों. पुढें जें लिहिणार आहों तें ह्या अवस्थेतील रोग्यांस लागू नाहीं.

परंतु हा रोग एका जागीं बसून राहत नाहीं. शरीरांतील रस वाहून नेणाऱ्या सूक्ष्म नळ्यांतून, रक्तांतून, आणि आंतड्यांवरील पातळ पडद्यावरून त्याचे कण दूर जातात व तेथें रुजतात. यकृत, पोटाचा पडदा, फुप्फुसें हीं त्याचीं नेहमींचीं ठिकाणें होत. त्वचेवर तो क्वचितच येतो. येतो तेव्हां पोटावर, छातीवर, किंवा जुन्या शस्त्रक्रियेच्या वणाजवळ एखादी घट्ट, बहुधा न दुखणारी गांठ दिसते. त्यांतही सर्वांत ओळखीचें ठिकाण म्हणजे बेंबी. जन्मापूर्वीं ज्या वाटेनें मातेकडून आपलें पोषण झालें ती वाट जन्मानंतर बंद होते. तरी तिचे जुने धागे पोटाच्या आंत राहतात. त्या जागीं पोटाची भिंतही पातळ असते. म्हणून आंतला रोग तेथून बाहेर डोकावतो.

ही खूण ओळखण्यांत एका परिचारिकेचा वांटा मोठा आहे. अमेरिकेंतील मिनेसोटा प्रांतांत रॉचेस्टर नांवाच्या गांवीं १८८९ सालीं सेंट मेरीज हें रुग्णालय उघडलें. तेथें सिस्टर मेरी जोसेफ डेम्प्सी ही रोमन कॅथोलिक जोगीण डॉक्टर विल्यम मेयो ह्यांची शस्त्रक्रियेंतील पहिली मदतनीस होती. रोग्याचें पोट धुऊन स्वच्छ करतांना तिच्या हातास कांहीं रोग्यांच्या बेंबींत एक कठीण गांठ लागे. असें पुन्हां पुन्हां झालें तेव्हां तिच्या ध्यानांत आलें कीं, ज्यांच्या बेंबींत ही गांठ असते त्यांचें पोट उघडल्यावर आंतला कर्करोग पसरलेला आढळतो. तिनें हें डॉक्टर मेयो ह्यांस सांगितलें. त्यांनीं १९२८ सालीं ह्या खुणेविषयीं लिहिलें. सिस्टर १९३९ सालीं वारली. आणि १९४९ सालीं हॅमिल्टन बेली ह्या इंग्रज शस्त्रवैद्यानें आपल्या ग्रंथांत त्या गांठीस तिचें नांव दिलें. आजही जगभर डॉक्टर तिला ‘सिस्टर मेरी जोसेफची गांठ’ असेंच म्हणतात.

ह्यावरून कोणीं घाबरून जाऊं नये. बेंबीवरची प्रत्येक गांठ कर्करोगाची नसते. तेथें आंतडें उतरतें, पू होतो, साधी चरबीचीही गांठ होते. पण कठीण गांठ आणि तिच्याबरोबर उतरत चाललेलें अंग, असें दोन्ही दिसलें तर ती कोणाकडून फोडून घेऊं नये, तिच्यावर डाग देऊं नये, पाला बांधून आठवडे घालवूं नयेत. रुग्णालयांत नेऊन सुईनें किंवा बारीक छेद घेऊन तिचा लहानसा अंश तपासावा. ही देखील शस्त्रक्रियाच आहे. पण ती थोड्या वेळांत होते, आणि तिच्यामुळें पुष्कळदां पोट उघडून पाहण्याचें मोठें संकट टळतें. रोग कोणता, तो कोठून आला, त्यास कोणतें औषध लागू पडण्याचा संभव आहे, हें त्या लहानशा तुकड्यावरून बरेंच कळतें.

आतां मुख्य गोष्ट. रोग त्वचेपर्यंत आला ह्याचा अर्थ असा कीं, त्याचें बीज अनेक ठिकाणीं पडलें आहे. जें दिसतें तेवढेंच आहे असें नव्हे. शेतांत हरळी एका कोपऱ्यांत असतांना कुदळीनें खणून काढतां येते; तीच साऱ्या शेतांत पसरली म्हणजे एक ठोंब उपटल्यानें शेत मोकळें होत नाहीं. त्याप्रमाणें येथें जठर काढलें आणि बेंबीची गांठही काढली, तरी जें सर्वत्र पसरलें तें राहतेंच. सुरी रोगाच्या मागें धांवत जाऊं शकत नाहीं.

मग शस्त्रक्रिया अगदीं निरुपयोगी काय? तसें नाहीं. तिचे दोन हेतु असूं शकतात, आणि त्या दोहोंतील भेद एका जुन्या इतिहासावरून चांगला समजतो.

१८७९ सालीं पॅरिस येथें पेआँ नांवाच्या शस्त्रवैद्यानें कर्करोगानें बुजलेला जठराचा भाग कापून काढला. रोगी पांचव्या दिवशीं मेला. पुढच्या वर्षीं रिडिगिअर ह्या पोलिश शस्त्रवैद्यानें तेंच केलें. रोगी बारा तासांत गेला. नंतर २९ जानेवारी १८८१ रोजीं व्हिएन्ना शहरांत थिओडोर बिलरोट ह्यानें एका त्रेचाळीस वर्षांच्या स्त्रीवर ही शस्त्रक्रिया केली. रोगानें तिच्या जठराचें तोंड बंद झालें होतें आणि अन्न पुढें जात नव्हतें. ती शस्त्रक्रियेंतून वांचली. जगांतील ही पहिलीच यशस्वी अशी शस्त्रक्रिया म्हणून तिची नोंद आहे. परंतु रोगाचें बीज मागें राहिलें होतें, आणि सुमारें चार महिन्यांनीं ती स्त्री त्याच रोगानें मरण पावली.

त्याच वर्षीं सप्टेंबर महिन्यांत, त्याच रुग्णालयांत, बिलरोटचा सहायक अँटन वोल्फ्लर ह्यानें दुसऱ्या एका रोग्याचें पोट उघडलें. आंत पाहतां रोग काढतां येण्यासारखा नव्हता. तेव्हां त्यानें तो काढण्याचा हट्ट धरला नाहीं. आणि कांहीं होत नाहीं म्हणून पोट तसेंच शिवूनही टाकलें नाहीं. जवळ उभ्या असलेल्या निकोलादोनी नांवाच्या सोबत्यानें सुचविल्यावरून त्यानें लहान आंतडें वर आणून जठरास जोडलें. बुजलेलें तोंड जागच्या जागीं राहिलें, रोगही राहिला. पण अन्नास दुसरी वाट मिळाली व रोगी पुन्हां खाऊं लागला.

एका शस्त्रक्रियेचा हेतु रोगास उपटून टाकण्याचा, दुसरीचा हेतु रोग्यास चार घास गिळतां यावेत हा. पहिलीनें रोगाकडे पाहिलें, दुसरीनें मनुष्याकडे. वोल्फ्लरच्या रोग्यास कोणीं बरें केलें नाहीं. तरी त्यास टाकलें असें कोण म्हणेल? आमच्या प्रश्नाचें उत्तर ह्या दोन उदाहरणांतच आहे असें आम्हांस वाटतें. असाध्य रोगांत शस्त्रक्रियेची योग्यता ती किती मोठी आहे ह्यावरून ठरत नाहीं. ती रोग्याचें कोणतें ओझें हलकें करील ह्यावरून ठरते. जठराचें तोंड बुजून पाणीही खालीं जात नसेल, तर नवी वाट करून देणें योग्य आहे. आज हेंच काम पुष्कळदां पोट न उघडतां, दुर्बिणीनें जाळीची नळी घालूनही करितात. रक्त वाहत असेल तर तें थांबविणें योग्य आहे, मग तें दुर्बिणीनें होवो, किरणांनीं होवो, कीं शस्त्रानें होवो. त्वचेवरची गांठ फुटून चिघळत असेल व दुर्गंधीमुळें रोग्यास आपल्याच नातवंडांस जवळ घेण्याची लाज वाटत असेल, तर तेवढी गांठ काढून टाकणें हें दयेचें काम आहे, जरी तिच्यानें आयुष्याचा एक दिवसही वाढला नाहीं.

कोणी म्हणेल, ‘मूळ रोगाचा मोठा भाग काढला तर उरलेल्यावर औषध अधिक चालेल.’ हें बोलणें वरवर पाहतां पटण्यासारखें आहे, आणि शहाणे डॉक्टरही पूर्वीं तसें मानीत. म्हणून जपान, दक्षिण कोरिया व सिंगापूर ह्या देशांतील शस्त्रवैद्यांनीं त्याची नीट परीक्षा केली. जठराचा कर्करोग एकाच दूरच्या ठिकाणीं, यकृतांत किंवा पोटाच्या पडद्यावर किंवा पाठीजवळच्या गांठींत, गेला आहे असे १७५ रोगी त्यांनीं घेतले. कांहींस केवळ औषध दिलें. कांहींचें जठर काढून मग औषध दिलें. २०१६ सालीं त्याचा वृत्तांत प्रसिद्ध झाला. दोन वर्षांनंतर केवळ औषध घेतलेल्यांपैकीं शेंकडा सुमारें ३२ जिवंत होते, आणि जठर काढलेल्यांपैकीं शेंकडा सुमारें २५. म्हणजे कापल्यानें आयुष्य वाढलें नाहीं. उलट ज्यांचें जठर गेलें त्यांस पुढें औषधही नीट सोसेना. परीक्षा मध्येंच थांबविण्यांत आली, कारण पुढें चालवून लाभ दिसण्याची आशा राहिली नव्हती. त्या रोग्यांत रोग थोड्याच ठिकाणीं गेला होता. ज्याच्या त्वचेवर तो उगवला आहे त्यास जठर काढून अधिक लाभ होईल असें मानण्यास आधार राहत नाहीं.

तथापि ‘कधींच नाहीं’ हा शब्द आम्ही वापरीत नाहीं. क्वचित् एखाद्या रोग्यास बेंबीची गांठ हेंच एकटें दूरचें ठिकाण असतें, औषधानें रोग आकसतो, रोगी बळकट असतो, आणि मग शस्त्रवैद्य जठर व गांठ दोन्ही काढतात. असे कांहीं रोगी अपेक्षेपेक्षां अधिक जगल्याच्या नोंदी आहेत. परंतु हे रोगी निवडून घेतलेले, मुळांत धडधाकट, असे होते. त्यांचें आयुष्य शस्त्रानें वाढलें कीं त्यांचा रोगच सौम्य होता, हें ठरविणें कठीण आहे. औषधांविषयींही असेंच मोजून बोललें पाहिजे. कांहीं रोग्यांच्या गांठींत एक विशेष खूण असते. त्यांच्यासाठीं ट्रास्टुझुमाब नांवाचें औषध निघालें. २०१० सालीं प्रसिद्ध झालेल्या परीक्षेंत तें जोडल्यानें रोग्यांचें मध्यम आयुष्य ११ महिन्यांवरून सुमारें १४ महिन्यांवर गेलें. तीन महिने थोडे नव्हेत. मुलीचें लग्न पाहण्यास, भावाशीं तुटलेलें बोलणें सुरू करण्यास तेवढे पुरतात. पण तीन महिने म्हणजे बरें होणें नव्हे, आणि जो कोणी तसें भासवितो तो रोग्यावर अन्याय करितो.

येथवर वैद्यकाची बाजू झाली. आतां नीतीची बाजू पाहूं. कारण डॉक्टरानें ‘लाभ नाहीं’ असें सांगितल्यावरही घरांतला प्रश्न सुटत नाहीं.

पहिला आक्षेप प्रेमाचा आहे. मुलगा म्हणतो, ‘आईसाठीं जें जें करतां येईल तें सर्व मी करीन.’ हें वचन पवित्र आहे व त्याची थट्टा कोणीं करूं नये. परंतु तें उच्चारणाऱ्यानें एकांतांत स्वतःस एक प्रश्न विचारावा: हें मी आईसाठीं करितों, कीं माझ्या मनासाठीं? पुष्कळदां आपण मागें केलेल्या हयगयीचें दुःख आपणांस टोंचत असतें. दूर मुंबईस नोकरीवर असलेला मुलगा दोन वर्षांत घरीं आलेला नसतो. आतां तो येतो आणि सर्वांत मोठें, सर्वांत महाग ऑपरेशन करा असा आग्रह धरितो. त्याचें दुःख खरें आहे. पण त्याच्या मनाच्या शांतीची किंमत म्हाताऱ्या आईच्या पोटानें कां द्यावी? शस्त्रक्रियेनंतरचे आठवडे नळ्या, सुया व अनोळखी भिंती ह्यांत जातात. आणि ज्यास थोडेच महिने उरले आहेत त्याचे हे आठवडे म्हणजे त्याच्या उरलेल्या आयुष्याचा मोठा हिस्सा होय. ‘सर्व करणें’ आणि ‘योग्य तें करणें’ ह्या दोन गोष्टी एक नाहींत.

लोकलाजेचाही येथें भाग असतो. ‘चार माणसें म्हणतील, पोरांनीं म्हातारीवर पैसा खर्च केला नाहीं.’ ह्या भयानें दीड एकर जमीन गहाण पडते, बैल विकले जातात, आणि म्हातारी गेल्यावर कर्ज उरतें. गांवच्या उपदेशकानें व पंचांनीं अशा वेळीं त्या घराच्या बाजूनें उघडपणें उभें राहावें आणि सांगावें कीं, ‘ह्या मुलांनीं विचारपूर्वक, आईला विचारून निर्णय केला आहे, त्यांस कोणीं बोल लावूं नये.’ मंडळीच्या एका शब्दानें एखाद्या घराचें शेत वांचूं शकतें.

‘आईला विचारून’ असें आम्हीं म्हटलें. येथेंच आपल्या लोकांची सर्वांत मोठी अडचण आहे. आपल्याकडे डॉक्टर रोग्यास बाहेर बसवितो आणि मुलास आंत बोलावितो. मुलगा डोळे पुसून बाहेर येतो व म्हणतो, ‘कांहीं नाहीं आई, जखम आहे, औषधानें बरी होईल.’ त्या दिवसापासून त्या घरांत सर्वजण खोटें बोलूं लागतात. आईस आपलें शरीर कळत असतेंच. बेंबीवरच्या गांठीस तिचा हात रोज लागतो. ती समजते, पण मुलांस दुःख होईल म्हणून विचारीत नाहीं. मुलें आईस दुःख होईल म्हणून सांगत नाहींत. प्रत्येकजण दुसऱ्यास वांचवूं पाहतो आणि सगळे एकेकटे पडतात.

आम्ही असें मानितों कीं, शरीर ज्याचें त्याच्या शरीरावर शस्त्र चालवावें कीं नाहीं हें त्याला विचारल्यावांचून ठरविण्याचा अधिकार कोणास नाहीं. मुलास नाहीं, नवऱ्यास नाहीं, पाळकासही नाहीं. आपल्या देशाचा कायदाही हेंच सांगतो. २००८ सालीं सर्वोच्च न्यायालयानें असा निकाल दिला कीं, प्रौढ व समजुतदार रोग्याची संमति त्याच्याकडूनच घेतली पाहिजे, तांतडीचा प्रसंग नसतांना आईची सही देखील चालणार नाहीं, आणि संमति घेण्यापूर्वीं रोग कोणता, उपचार कोणता, लाभ व धोका काय, दुसरा मार्ग कोणता, हें त्यास समजेल असें सांगितलें पाहिजे. ज्यास रोगाचें नांवच सांगितलेलें नाहीं तो संमति कशास देणार?

ह्यावर दुसरा आक्षेप येतो: ‘खरें सांगितलें तर तिचा धीर सुटेल, ती उद्यां मरायची ती आजच मरेल.’ ह्या भीतींत अगदींच तथ्य नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. सत्य दगडासारखें फेंकून मारणें हें सत्य सांगणें नव्हे. आधीं विचारावें, ‘तुम्हांला काय वाटतें, काय झालें असावें?’ मग विचारावें, ‘डॉक्टर काय म्हणाले तें तुम्हांला जाणून घ्यायचें आहे काय, कीं मुलाशींच बोलावें?’ कोणी म्हणेल, ‘माझ्या मुलास सांगा, मला नको.’ तोही तिचाच निर्णय, आणि तो मानला पाहिजे. पण ती विचारील तर खोटें बोलूं नये. जेवढें विचारील तेवढेंच, हळूहळू, हात हातांत घेऊन सांगावें. आणि सांगून झाल्यावर उठून जाऊं नये. पुष्कळांचा धीर सत्यानें तितका सुटत नाहीं जितका सांगणारा लगबगीनें निघून गेल्यानें सुटतो.

शिवाय, खोट्या आशेनें खरी आशा मारली जाते हें आपण विसरतों. ‘बरी होशील’ असें सांगत राहिल्यानें आई आपल्या धाकट्या मुलीची सोय लावीत नाहीं, जमिनीच्या वांटणीचा शब्द टाकीत नाहीं, वीस वर्षें न बोललेल्या जावेस बोलावून घेत नाहीं. जगण्याची आशा गेली तरी कितीतरी आशा उरतात: वेदना कमी होण्याची, घरींच असण्याची, क्षमा करण्याची व मिळण्याची. आम्ही ख्रिस्ती लोक तर मरणापलीकडची आशा बाळगतों असें म्हणतों. मग आपल्याच घरांत मरणाचें नांव काढण्यास आपण इतके कां भ्यावें?

तिसरा आक्षेप धर्मभीरु लोकांचा आहे. ‘उपाय असून तो न करणें म्हणजे मारणेंच नव्हे काय?’ आमचें उत्तर असें: ज्या उपायानें रोग जात नाहीं व त्रास मात्र वाढतो तो उपायच नव्हे. तो न करणारा रोग्यास मारीत नाहीं, रोगच मारतो. ९ मार्च २०१८ रोजीं सर्वोच्च न्यायालयानेंही हा भेद मान्य केला आणि बरें होण्याची आशा नसतां आयुष्य केवळ लांबविणारे उपचार नकोत असें आधींच लिहून ठेवण्याचा मनुष्याचा अधिकार मानला. विष देऊन मारण्यास मात्र त्या न्यायालयानें परवानगी दिली नाहीं, आणि दोहोंत अंतर आहे हें साधा शेतकरीही ओळखतो. उलट बाजूस कांहीं भोळे बंधु म्हणतात कीं, प्रार्थना असतां डॉक्टर कशास? त्यांस एवढेंच सांगणें पुरे कीं, ज्या लूकानें शुभवर्तमान लिहिलें तो स्वतः वैद्य होता.

आतां ह्याच्या विरुद्ध दिशेच्या चुकीविषयीं लिहिलें नाहीं तर आमचें सर्व लिहिणें घातक होईल. ‘शस्त्रक्रियेचा उपयोग नाहीं’ हें वाक्य ऐकतांच कांहीं घरांत रोग्याची खाट पडवींत जाते. औषध थांबतें, भेटायला येणारे थांबतात, आणि ‘आतां देवाची मर्जी’ म्हणून सर्व मोकळे होतात. हा त्याग पहिल्या अतिरेकापेक्षां अधिक वाईट आहे. कापण्याचें काम संपलें म्हणजे शुश्रूषेचें काम सुरू होतें, आणि तें सोपें नसतें.

त्या शुश्रूषेंत पहिली गोष्ट वेदना. कर्करोगाच्या वेदना पुष्कळ अंशीं शमवितां येतात. १९८६ सालीं जागतिक आरोग्य संघटनेनें साध्या औषधापासून पायरीपायरीनें मॉर्फिनपर्यंत जाण्याची पद्धति प्रसिद्ध केली. मॉर्फिन हें अफूचें सत्त्व. ज्या उपदेशकांनीं आयुष्यभर अफू व दारू ह्यांविरुद्ध उपदेश केला त्यांस हें ऐकून दचकल्यासारखें होईल. पण नशेसाठीं खाणें आणि डॉक्टरानें मोजून दिलेलें वेदनेसाठीं घेणें ह्यांत तेवढाच भेद आहे जेवढा खुन्याच्या व शस्त्रवैद्याच्या सुरींत. १९८५ च्या अंमली पदार्थांच्या कायद्यामुळें हें औषध मिळणें फार कठीण झालें होतें. २०१४ सालीं त्या कायद्यांत दुरुस्ती होऊन रुग्णालयांस तें ठेवणें सुलभ झालें. म्हणून रोग्यानें कण्हत पडावें ह्यांत कांहीं पुण्य नाहीं. नातलगांनीं डॉक्टरास स्पष्ट विचारावें कीं, ‘वेदनेसाठीं काय देतां?’

दुसरी गोष्ट स्वच्छता. चिघळलेली गांठ मिठाच्या कोमट पाण्यानें हळूवार धुवावी, स्वच्छ मऊ फडकें ठेवावें. दुर्गंधी येत असेल तर डॉक्टरास सांगावें, कारण मेट्रोनिडाझोल नांवाचें साधें स्वस्त औषध जखमेवर टाकल्यानें ती पुष्कळ कमी होते. तिसरी गोष्ट अन्न. अशा रोग्यास भूक नसते. त्यास बळजबरीनें भरवूं नये. दोन चमचे पेज त्यानें मागितली तर द्यावी, न मागितली तर ओठ ओले करावेत. न खाल्ल्यामुळें तो मरत नाहीं. रोगामुळें त्याची भूक मेली आहे. चौथी गोष्ट सोबत. मुंबईस १९८६ सालीं शांती अवेदना नांवाचें अशाच रोग्यांचें विश्रामगृह निघालें, आणि आपल्या देशांतील तें पहिलें म्हणून गणलें जातें. प्रत्येक गांवीं तसें घर निघणें शक्य नाहीं. पण मंडळीनें पाळ्या लावून रात्रीं एकेकानें बसावें, म्हणजे थकलेल्या सुनेस चार तास झोंप मिळेल. एवढें कोणत्याही गांवीं शक्य आहे. आणि भेटीस जाणाऱ्यानें, रोग कोणत्या पापानें आला ह्याची चौकशी घरीं ठेवून जावें.

शेवटीं, ज्यांस रोग्याबरोबर रुग्णालयांत जाण्याचा प्रसंग येईल त्यांच्यासाठीं चार प्रश्न लिहून देतों. ते डॉक्टरास नम्रपणें पण न भितां विचारावेत. ह्या शस्त्रक्रियेनें रोग जाईल, कीं कांहीं त्रास जाईल? त्रास जाणार असेल तर कोणता, आणि किती दिवसांसाठीं? त्यासाठीं रोग्यास काय सोसावें लागेल व किती दिवस रुग्णालयांत जातील? शस्त्रक्रिया केली नाहीं तर त्याची काळजी कशी घ्यावी? चांगला डॉक्टर ह्या प्रश्नांवर रागावत नाहीं. उत्तरें मिळाल्यावर तीं रोग्यास, त्याच्या बोलींत, त्याला हवीं असतील तितकीं सांगावींत; आणि मग तो काय म्हणतो तें ऐकावें. तो ‘करा’ म्हणाला तर धीर द्यावा. तो ‘मला घरीं न्या’ म्हणाला तर गाडी जुंपावी, अंथरुण मऊ करावें, आणि घरीं पोहोंचल्यावर त्याच्या उशाशीं बसावें.